उपडी फुलपात्रं

"आधी पानी घ्या, मग बोला."

खाटेजवळ कोणीही आलं की सोनई गावच्या आजी हेच म्हणायच्या. डॉक्टर असो, पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस असो, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून असो. उशाशी स्टुलावर त्यांचा पितळी तांब्या असे आणि त्यावर फुलपात्र. पडल्या पडल्या कोपरावर उठायच्या, फुलपात्र भरून पुढे करायच्या, आणि समोरचा पिऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. डॉक्टर नेहमी घाईत. ते म्हणायचे, "आजी, आत्ताच चहा घेतला."

"च्या म्हंजी पानी नव्हं."

डॉक्टर मुकाट्याने प्यायचे आणि मग नाडी बघायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवला की आधी पाणी येतं, आणि ते घेतल्याशिवाय तुमचं काम काय हे ती विचारत नाहीत. फरक इतकाच की या बाईंना उंबरा राहिला नव्हता. भिंगारच्या पुढे रस्त्यापासून जरा आत ज्येष्ठांचं शुश्रूषा केंद्र आहे. पाटीवर तसं लिहिलंय, रिक्षावाले वृद्धाश्रमच म्हणतात. तिथल्या बायकांच्या हॉलमध्ये दारापासून तिसरी खाट, एवढंच त्यांचं घर. खुबा मोडल्यापासून पाय टेकवत नव्हता आणि अंगाने त्या भारी होत्या. त्यांना उचलायचं तर दोन बायका लागत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच येतं.

मी तिथे स्वयंपाक करते. सगळे मला ताई म्हणतात. आजी तेवढ्या "ए सैपाकीन" म्हणायच्या, आणि मी त्यांना "बोला सरकार" म्हणायची. आमटी अळणी झाली की हॉलच्या टोकापासून ऐकू येईल असं विचारायच्या, "आज मीठ माहेरी गेलंय का गं?" मीही काही कमी नाही. मी म्हणायची, "व्हय, येताना तुमच्यासाठी साखर घेऊन येणारे." त्यांना साखर बंद होती. मग त्या हसायच्या आणि खोकायच्या आणि मला पाठ चोळायला बसावं लागायचं.

माझा पहिला दिवस मात्र हसण्यासारखा नव्हता. म्हणजे आज हसू येतं. मी दुपारचं जेवण घेऊन हॉलमध्ये गेले, तर बायकांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग भिंगारमध्ये नेमकं कुठं राहतेस ते विचारलं. ते सांगितल्यावर पुढचं विचारावं लागत नाही. खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, मला आज उपास आहे. त्यांच्या शेजारणीला आठवलं की तिलाही आहे. बघता बघता अर्धा हॉल उपाशी. वार होता बुधवार. बुधवारी एवढे उपास मी जन्मात पाहिले नव्हते.

मी ताट हातात धरून उभी. मला रडू येण्याआधी राग येतो, त्यामुळे तोंड उघडणारच होते. तेवढ्यात तिसऱ्या खाटेवरून आवाज आला. "ए बाई, जेवायचं र्‍हाऊ दे. आधी पानी दे. तुज्या हातानं."

उशाशी भरलेला तांब्या होता. तरी त्यांनी माझ्याकडे मागितलं. मी फुलपात्र भरून दिलं. साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं घटाघटा प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोड हाय." गुरुवारी कोणालाच उपास नव्हता. पुढे एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही त्या दिवशी मुद्दाम केलंत ना. त्या म्हणाल्या, "मुद्दाम कशाचं. तान लागली हुती."

तेव्हा आमच्याकडे चार मावश्या होत्या. मावशी म्हणजे अंग पुसणारी, वेणी घालणारी, कूस बदलून देणारी, खाटेवर लघवी-शौचाचं भांडं देणारी बाई. चौघी होत्या तोवर हॉलला घराची कळा होती. सकाळी उन्हात खुर्च्या मांडून वेण्या घातल्या जायच्या. एक मावशी तर आजींना विचारून अंगाला हात लावायची. "कूस बदलू का, आजी?" म्हणायची आणि थांबायची. आजी म्हणायच्या, "बदल बाई, या कुशीला काय गोड लागंना झालंय."

मग एक मावशी पुण्याला गेली. तिथे एकाच म्हातारीला सांभाळायचं आणि वर राहायला खोली. दुसरीला शहरातल्या दवाखान्यात लागलं. कोणाला नावं ठेवणार? तिसरीची कंबर गेली, आणि ती गेली नेमकी आजींना उचलताना. ती खाली बसली ती भिंत धरूनच उठली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आजी पुढचे किती दिवस एकच घोकत होत्या, "माज्यापायी बाई कामातनं गेली." मी म्हटलं, "आजी, ती तुमच्यामुळे नाही गेली, दोघींचं काम एकटीने केलं म्हणून गेली." त्या म्हणाल्या, "वजन माजंच हुतं ना?"

उरली एक. देवळाली प्रवराची, काटकुळी, पायाला चाकं लावल्यासारखी. दिवसा बायकांचा हॉलही तिचा आणि पुरुषांचाही तिचाच. दुसरी बाई शोधली नाही असं नव्हतं. मॅनेजर साहेबांनी जाहिरात दिली, मलाही म्हणाले, ओळखीत कोणी असेल तर आणा. मी माझ्या भावजयीला आणलं. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वन्सं, मला धुणीभांडी चालतील, पण हे न्हाई."

आणि मग एकेक गोष्ट कमी होऊ लागली. अशा गोष्टी एकदम होत नाहीत, म्हणून तर डोळ्यांवर येत नाहीत. आधी वेण्या थांबल्या. मग एक दिवस न्हावी आला आणि सगळ्या बायकांचे केस कानाच्या वर कापून गेला. साहेब म्हणाले, उन्हाळ्यात बरं, उवाही होत नाहीत. त्या दिवशी हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आजींनी पदर डोक्यावर ओढला तो पुन्हा खाली आला नाही. मग आंघोळ एक दिवसाआड झाली. मग "कूस बदलू का" बंद झालं, नुसती कूस बदलली जाऊ लागली, तीही मावशीला सवड असेल तेव्हा.

एका दुपारी एक कुटुंब मुलाचा वाढदिवस करायला आलं. केळी, बिस्किटं, फुगे. आमच्याकडे असे लोक येतात, माणसं चांगली असतात. मावशी पुरुषांच्या हॉलात कोणाला तरी आंघोळ घालत होती. आजी तिला कधीपासून हाका मारत होत्या, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, "मावशे, ए मावशे." मग हाका थांबल्या. मी केकच्या बश्या घेऊन गेले तेव्हा आजींनी त्या उकाड्यात छातीपर्यंत शाल ओढलेली होती. ते लोक खाटेच्या कडेला बसून फोटो काढत होते. आजी ताठ होत्या. त्यांनी फुलपात्र भरलं, त्या बाईपुढे केलं. "आधी पानी घ्या." बाई म्हणाली, "किती गोड आजी आहेत." मला वास आला आणि सगळं कळलं. ते लोक जाईपर्यंत आजी तशाच भिजलेल्या बसून होत्या, आणि हसत होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी फुलपात्रातलं पाणी परत तांब्यात ओतलं आणि फुलपात्र तांब्यावर उपडं घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तो नेमच झाला. सकाळी गोळीपुरतं पाणी. जेवणावर एक घोट. मग फुलपात्र उपडं. पाहुण्याला द्यायचं तेव्हा सरळ व्हायचं आणि पाहुणा गेला की पुन्हा उपडं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पानी प्यालं की बाहीर पडतंय. बाहीर पडतंय म्हनून मावशीला हाका. तिला कुटं कुटं पळू द्यायचं? माज्यापायी एक गेली. ही बी गेली मंजी?"

बोलणं हॉलभर ऐकलं गेलं. त्यांचं बोलणं नेहमीच हॉलभर ऐकलं जायचं, हीच तर पंचाईत. शेजारच्या आजींनी आपलं फुलपात्र उपडं घातलं. मग पलीकडच्यांनी. खिडकीजवळच्या उपासवाल्या आजींनीसुद्धा. आठवड्याभरात दुपारचा चहा घेऊन गेलं की दोन्ही बाजूंना उपड्या फुलपात्रांची रांग दिसायची. चहाचे कपही अर्धे परत यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. एकमेकींकडे बघून करत होत्या आणि त्यात त्यांना जरा अभिमानही वाटत होता, मावशीला आपण जपतोय म्हणून.

आणि गंमत बघा, सगळं सुधारलं. हाका थांबल्या. चादरी कोरड्या. हॉलात शिरलं की वास नाही. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की अभिमानाने दाखवायचे. "बघा, माणसं कमी आहेत, पण स्वच्छता बघा. शांतता बघा." पाहुणे माना डोलवायचे. मी हातात परात घेऊन दारात उभी असायची आणि माठाकडे बघायची. हॉलमधला माठ मीच भरते. चैत्र लागला होता, पत्रा तापून टकटक वाजायचा, आणि दुपारनंतर माठाला कोणाचा हात लागत नव्हता. दुपारी भरलेला माठ संध्याकाळी तसाच. त्या शांततेची मला भीती वाटायची. अजून वाटते.

मी मावशीला गाठलं. "तुला दिसत न्हाई का?"

ती पायरीवर बसली होती, पाय लांब करून. "दिसतंय ताई. पर त्यांनी पानी पेलं की मला त्यांना उचलावं लागतं. एकटीनं उचलत न्हाई. मागल्या येळी हातातनं सुटल्या हुत्या, पडल्या असत्या तर दुसरा खुबा गेला असता. मी काय करू, सांग."

मी तिथून निघाले. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "डॉक्टरही म्हणाले पाणी वाढवा. मी प्रत्येकीजवळ तांब्या भरून ठेवायला सांगितलंय. ठेवलेला असतो ना?" असतो. खोटं कोण बोलत होतं? कोणीच नाही.

मग मी माझ्या परीने सुरू केलं. आमटी पातळ केली, भाजीला रस्सा ठेवला, ताक केलं, कलिंगड चिरलं. आजींनी कलिंगडाच्या फोडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे चावायचं पानीच हाय की गं." एक फोड खाल्ली, माझं मन राखायला. ताकाला म्हणाल्या, "पानी पांढरं केलं म्हनून काय मला कळत न्हाई व्हय?" आमची ही झटापट रोज चालायची आणि दोघींनाही तिची गोडी लागली होती. पण त्यांचे ओठ फुटायला लागले होते. डोळे आत गेले होते. दुपारच्या नुसत्या झोपून असायच्या, हाक मारली तरी लवकर वर येत नसत.

एक दिवस मी सरळ सांगितलं. "आजी, तुम्ही पोटभर पाणी प्या. भांडं मी देते. मी आणि मावशी दोघी मिळून उचलू."

त्यांनी डोळे उघडले. "तू न्हाई."

"का? माझे हात काय मेणाचे आहेत?"

तुम्हाला सांगते, आमच्याकडे एक रीत आहे. लिहिलेली कुठे नाही, पण सगळे पाळतात. स्वयंपाकाची बाई भांड्याला हात लावत नाही आणि भांड्याची बाई चुलीपाशी येत नाही. म्हातारी माणसं घास घेताना हे आठवतात.

आजी हळू आवाजात म्हणाल्या, हळू बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असेल, "तू भांड्याला हात लावलास की उद्या हॉलात पुन्यांदा उपास सुरू हुतील. आता त्यास्नी कारन बी मिळंल. मंग साहेब तुला काडत्याल."

"काढू देत."

"तुला सोपं वाटतंय. एकदा मी पानी पिऊन मिटवलंय. दर येळंला मिटत न्हाई, पोरी." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आन मला दुसरीच्या हातचं गोड लागत न्हाई. जा, भाकरी करपत्याल."

भाकऱ्या खरंच करपल्या. मी तव्यापुढे उभी राहून मनसोक्त शिव्या दिल्या, कोणाला ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या हातचं पाणी पिऊन त्यांनी मला त्या घरात उभी केली होती. आता मला तिथे राखायला त्या तहानेल्या राहत होत्या. कोणी कोणासाठी असं करू नये. ज्याच्यासाठी करतात त्याला ते पेलत नाही.

वैशाखात एका दुपारी मी हॉलमध्ये गेले तर आजी जाग्या होत्या आणि कोणाशी तरी बोलत होत्या. समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मावशे." सैपाकीन नाही म्हणाल्या. "मावशे, पावनी आल्यात सोनईची. उन्हातनं आल्यात. पानी दे त्यास्नी."

मी खुर्च्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. जीभ भाकरीच्या पापुद्र्यासारखी कोरडी पडली होती. मी फुलपात्र सरळ केलं, भरलं, एका खुर्चीपुढे नेलं, वाकले, परत आणलं आणि त्यांच्या ओठांशी धरलं. "पावनी म्हनत्यात, आधी घरधनीन."

त्या हसल्या. "असं कुटं असतंय." पण दोन घोट घेतले. तिसरा ओठांवरून हनुवटीवर आला.

मग त्या एकदम घाबऱ्या झाल्या. "मावशे, भांडं." मी इकडे तिकडे बघितलं नाही. मोरीतून भांडं आणलं, शेजारच्या आजींना म्हटलं त्यांचा हात धरा, आणि कसंबसं त्यांच्या खाली सरकवलं. सगळा हॉल बघत होता. मी त्यांच्या खांद्याला आधार देऊन उभी राहिले. बराच वेळ गेला. मी भांडं काढलं तेव्हा ते कोरडं होतं.

मी ओरडत साहेबांच्या खोलीत गेले. अँब्युलन्स आली. मावशी, मी, ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार, अशा चौघांनी त्यांना उचललं. चार माणसं असली की किती सहज उचलता येत होतं त्यांना, तेव्हा कळलं. गाडीत ठेवल्यावर ड्रायव्हर पट्टा बांधायला वाकला. आजींनी त्याच्यापुढे हात केला. हात रिकामा होता. "आधी पानी घ्या," म्हणाल्या. तो म्हणाला, "नको आजी, घाई आहे," आणि दार लावलं.

त्या परत आल्या नाहीत.

त्यांचा मुलगा सामान न्यायला आला. दमलेला, साधा माणूस. मी त्याला त्याच तांब्यातलं पाणी दिलं, तो सगळं प्यायला. म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं, किडनीवर आलं. उन्हाळ्यामुळे होतं म्हणे." साहेब म्हणाले, "यंदा उन्हाळा कडक आहे."

मी म्हटलं, "उन्हाळा सोनईलाही असतो. तिथे जन्म काढला त्यांनी, तिथे नाही गेल्या. इथे एका मावशीला त्रास नको म्हणून पाणी सोडलं होतं त्यांनी." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तांब्या मुलाने पिशवीत घातला, मग पुन्हा बाहेर काढून स्टुलावर ठेवला. "राहू द्या इथंच," म्हणाला.

तो गेल्यावर मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, "ऐका. आजपासून भाकरीही मी करणार आणि मावशी नसेल तेव्हा भांडंही मी देणार. हात साबणाने धुते, तुमच्यासमोर धुते. ज्याला चालत नसेल त्याने उपास करावा. पण पाणी प्या."

मला वाटलं होतं गलका होईल. खिडकीजवळच्या आजींनी तर हात पुढे केला, माझा हात धरला, आणि म्हणाल्या, "आम्हाला चालतं गं. पण तू तरी एकटी काय काय करशील?" त्या संध्याकाळी सगळ्या जेवल्या, एकीलाही उपास नव्हता. आणि रांगेतलं एकही फुलपात्र सरळ झालं नाही.

मावशी अजून एकच आहे. तिसऱ्या खाटेवर परवा नव्या आजी आल्या. पायाने अधू, स्वभावाने बोलक्या, मावशीसारख्याच देवळालीकडच्या. मी आजींचा तांब्या घासून भरला, फुलपात्र सरळ ठेवलं आणि म्हटलं, "भरपूर पाणी प्या हं, काही लागलं तर मला हाक मारा." त्या म्हणाल्या, "व्हय बाई." मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

मी दारापर्यंत पोचले तेवढ्यात मागून फुलपात्रातलं पाणी तांब्यात ओतल्याचा आवाज आला, आणि मग पितळेवर पितळ ठेवल्याचा.